सी ग्रेडचा निबंध, ए-वन करामत!

रात्री दोनपर्यंत जागून लिहिलेला टर्म पेपर. झेरॉक्सवाल्याकडची रांग, स्पायरल बाइंडिंग, धावतपळत सबमिशन, सरांची एक सही आणि मग कपाटात कायमचा मुक्काम! विद्यार्थ्यांच्या निबंधांचं नशीब बहुतेकदा एवढंच असतं. पण काही निबंधांनी त्या कपाटाचं दार फोडून बाहेर उडी मारली. एकाने राज्यघटना बदलायला लावली. एकाने गुलामांच्या व्यापाराला सुरुंग लावला. आणि एक तर आत्ता या क्षणी तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये इमानेइतबारे राबतोय. बसा सरसावून!

पेपर ‘सी’, निकाल ‘ए’

अमेरिकेच्या राज्यघटनेतली सत्ताविसावी दुरुस्ती एका विद्यार्थ्याच्या टर्म पेपरमुळे झाली, माहीत आहे का?

साल १९८२. टेक्सास विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेला ग्रेगरी वॉटसन पेपरसाठी विषय शोधत लायब्ररी धुंडाळत होता. हाती लागली एक विसरलेली घटनादुरुस्ती. खासदारांनी स्वतःचा पगार वाढवला, तरी ती वाढ पुढची निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. जेम्स मॅडिसन यांनी ती १७८९ साली मांडली होती आणि पुरेशा राज्यांनी मान्यता न दिल्यामुळे ती तशीच लटकून पडली होती. वॉटसनच्या लक्षात आलं, की हिला मुदतीची अटच नाही! म्हणजे ती अजून जिवंत आहे. त्याने तसं ठासून लिहिलं आणि पेपर दिला.

ग्रेड मिळाली सी. अपील केलं, तरीही सी!

दुसरा कुणी असता तर चडफडत कँटीन गाठलं असतं. या पठ्ठ्याने मात्र राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहायला घेतली, तीही स्वतःच्या खिशातून खर्च करून. १९८३ मध्ये मेन राज्य तयार झालं, मग कोलोरॅडो, मग एकामागून एक रांगच लागली. मे १९९२ मध्ये हवा तो आकडा गाठला गेला आणि दोनशे वर्षांहून जुनी दुरुस्ती घटनेत जाऊन बसली. आणि कळस म्हणजे, विद्यापीठाने २०१७ मध्ये त्या पेपरची ग्रेड बदलून ए केली. रीचेकिंगला ३५ वर्षं लागली, पण निकाल लागला एकदम खणखणीत!

परीक्षा चुकवायची होती, जग बदललं

आता तो खिशातला निबंध. १९५१, एमआयटी. प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला ऑफर दिली: फायनल परीक्षा द्या किंवा टर्म पेपर लिहा. डेव्हिड हफमनने पेपर निवडला. प्रश्न असा, की कमीत कमी चिन्हांत माहिती कशी साठवायची? तो महिनोन्‌महिने डोकं खाजवत बसला आणि शेवटी कंटाळून कागद कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला, तोच उत्तर चमकलं. या कोड्याशी खुद्द फॅनोही झटत होते, हे त्याला ठाऊकच नव्हतं! गुरूंच्या आधी शिष्याने बाजी मारली.

आज जेपेग फोटो, झिप फाइल आणि एमपीथ्री गाणं, तिन्हींच्या पोटात हफमन कोडिंग आहे. सकाळी फॅमिली ग्रुपवर गुलाबाच्या फोटोसह ‘सुप्रभात’ येतं ना? एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळली, म्हणून ते इतकं झटपट पोचतं.

त्याच एमआयटीत १९३७ साली २१ वर्षांच्या क्लॉड शॅनन याने मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं, की जॉर्ज बूलचं एकोणिसाव्या शतकातलं हो-नाहीचं गणित विजेच्या स्विचांवर चालवता येतं. संपूर्ण डिजिटल युगाचा पाया, आणि तोही पीएचडीच्या आधीच!

उशिरा येण्याचा फायदा झालेला विद्यार्थी पाहिलाय? हा बघा. १९३९, बर्कली. जॉर्ज डॅन्ट्झिग वर्गात लेट पोचला. फळ्यावर दोन गणितं होती. गृहपाठ असेल असं समजून त्याने ती उतरवून घेतली आणि काही दिवसांनी सोडवून दिली. ‘जरा अवघड होती, म्हणून वेळ लागला’ अशी माफीही मागितली. सहा आठवड्यांनी रविवारी सकाळी आठ वाजता दारावर धडाधड थापा! बाहेर प्राध्यापक येझी नेमन उभे, आनंदाने नाचायचेच बाकी. ती गणितं गृहपाठ नव्हतीच. संख्याशास्त्रात तोवर कुणालाही न सुटलेले ते दोन प्रश्न होते. पुढे प्रबंधाला विषय हवा म्हणून डॅन्ट्झिग त्यांच्याकडे गेला, तेव्हा नेमन म्हणाले, तीच दोन उत्तरं फायलीत घालून आण, झाला प्रबंध.

जाडीवर जाऊ नका!

‘किती पानं झाली?’ पीएचडी करणाऱ्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मग हे ऐका.

जॉन नॅश. प्रिन्स्टन, १९५०. प्रबंधाची पानं २८. संदर्भसूचीत नोंदी फक्त दोन, आणि त्यातली एक त्याच्या स्वतःच्याच लेखाची! त्या २८ पानांतल्या विचाराला १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि आपल्या कमला सोहोनी? केंब्रिजचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा, काम १४ महिन्यांत फत्ते, १९३९ मध्ये पीएचडी. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं आणि त्यांच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, हा त्यांचा शोध. त्याआधी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ मुलगी म्हणून त्यांना सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला होता. कमलाबाई हटल्या नाहीत. हक्काने भांडून आत शिरल्या आणि काम असं केलं, की संस्थेची दारं पुढच्या मुलींसाठीही उघडली. आणि माहीत आहे का, त्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण! एक लोकसाहित्यात, एक जीवरसायनात. काय घर असेल ते!

बक्षिसासाठी लिहिला आणि झोप उडाली

या सगळ्या खजिन्यातला माझा सर्वांत लाडका निबंध १७८५ सालचा आहे. त्याच्याजवळ जरा निवांत थांबू या.

केंब्रिज विद्यापीठाने लॅटिन निबंधस्पर्धेसाठी विषय दिला: माणसांना त्यांच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? २५ वर्षांच्या थॉमस क्लार्कसनला हवं होतं पहिलं बक्षीस आणि त्याबरोबर येणारा मान. विषयाची माहिती शून्य. म्हणून तो वाचत सुटला. गुलामांच्या जहाजांची वर्णनं, विक्रीच्या हकिगती, त्या धंद्यात वावरलेल्यांच्या साक्षी. वाचता वाचता बक्षीस कुठल्या कुठे गेलं. रात्री झोप येईना. उशाशी मेणबत्ती जळत ठेवून, सुचेल ते उठून लिहायचं, असा क्रम सुरू झाला.

निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. विद्यापीठात तो वाचून दाखवला, टाळ्या घेतल्या आणि स्वारी घोड्यावर बसून लंडनला निघाली. वाटेत वेड्समिल गावाजवळ त्याला राहवेना. तो खाली उतरला आणि रस्त्याकडेला बसून राहिला. आपण लिहिलं ते खरं असेल, तर कुणीतरी हे थांबवायला हवं. आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच!

पुढे काय? १७८७ मध्ये लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बारा जणांची समिती बनली आणि क्लार्कसन तिचा फिरता हेर झाला. बंदराबंदरांत जाऊन त्याने खलाशांच्या जबान्या घेतल्या. लिव्हरपूलच्या दुकानातून बेड्या आणि अंगठे चिरडायचे चाप चक्क विकत आणले. आफ्रिकेतलं सुंदर विणकाम, कोरीव वस्तू, मसाले एका पेटीत भरून तो गावोगाव दाखवू लागला: बघा, हे लोक काय घडवू शकतात, आणि आपण त्यांचं काय करतोय! संसदेत खासदार विल्बरफोर्स या व्यापाराविरुद्ध भाषणं गाजवत होते, पण त्या भाषणांतला दारूगोळा बराचसा या गड्याने गोळा केलेला. १८०७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला. वेड्समिलच्या रस्त्याकडेला आज त्याचं स्मारक उभं आहे. एका कॉलेज निबंधाचं स्मारक जगात आणखी कुठे असेल?

पेपर फुटला असता, तर…

एकदम गिअर बदलू. १९७६, पुन्हा प्रिन्स्टन. जॉन ॲरिस्टॉटल फिलिप्स हा फुटबॉल मॅचमध्ये वाघाचा पोशाख घालून नाचणारा विद्यार्थी. अभ्यासात घसरगुंडी सुरू होती. त्याने पेपरचा विषय घेतला: उघड मिळणारी पुस्तकं वाचून साध्या विद्यार्थ्याला अणुबॉम्बचा आराखडा करता येईल का? मार्गदर्शक होते विख्यात भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन. त्यांनी अट घातली, की गुप्त माहितीतलं अक्षरही सांगणार नाही.

ग्रेड? ए! बातमी फुटली आणि एफबीआयवाल्यांनी पेपर जप्त केला. तो मिळवण्यासाठी एका पाकिस्तानी अधिकाऱ्यानेही खटपट केली होती. परीक्षेचे पेपर फुटल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, पण हा पेपर खरोखर ‘फुटला’ असता तर?

दहा डॉलरची पैज

वकिलीच्या वर्गात सगळे आपल्याला हसताहेत असं डोळ्यांपुढे आणा. १९४४ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये पॉली मरी यांच्या बाबतीत तेच झालं. वर्गात एकट्या बाई. त्या म्हणाल्या, काळ्या-गोऱ्यांना ‘वेगळं पण समान’ ठेवायला मुभा देणारा १८९६ चा निकाल मुळातच चुकीचा आहे, त्याच्यावर सरळ घाव घाला. वर्गात हशा. मरी यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली: २५ वर्षांत हा निकाल उलटतो की नाही बघा! आणि सेमिनारचा निबंध त्याच मुद्द्यावर लिहून दिला.

२५ कुठले, दहाच वर्षांत उलटला. १९५४, ब्राउन खटला. आणि खरी मजा पुढे आहे. खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलांमध्ये तेच रॉबिन्सन होते, आणि मरी यांचा जुना निबंध त्यांनी बाहेर काढून सहकाऱ्यांपुढे ठेवला होता. लेखिकेला ही गोष्ट कळली, ती पुढे कितीतरी वर्षांनी.

तब्येतीत लिहिलेले प्रबंध

घरात कुणाला शुगर आहे? मग पाउल लांगरहान्सला सलाम करा. १८६९ मध्ये बर्लिनच्या या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीच्या प्रबंधात लिहिलं, की स्वादुपिंडात पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसतात. ते काय काम करतात याचा मात्र त्याला पत्ता लागला नाही, आणि तसं त्याने सरळ लिहूनही टाकलं. इन्शुलिन तिथेच तयार होतं! आज त्या पुंजक्यांना लांगरहान्सची बेटं म्हणतात.

पेरू देशात ५ ऑक्टोबरला ‘वैद्यक दिन’ पाळतात. कारण माहीत आहे का? १८८५ मध्ये दानिएल कारियोन हा वैद्यकीय विद्यार्थी त्वचेवर लालभडक गाठी आणणाऱ्या एका स्थानिक रोगावर निबंधस्पर्धेसाठी काम करत होता. गाठींचा रोग आणि ओरोया नावाचा जीवघेणा ताप हे दोन्ही एकच आहेत की वेगळे? त्याने गाठीतलं रक्त स्वतःलाच टोचून घेतलं. ताप चढला. तो नोंदी लिहीत राहिला, आणि हात चालेना तेव्हा मित्रांना सांगून लिहवून घेतल्या. ५ ऑक्टोबरला तो गेला. रोग एकच होता, हे सिद्ध झालं. त्या रोगाला आज कारियोनचंच नाव आहे.

आता सूर बदलतो, आणि काय बदलतो! इंगेबोर्ग रापोपोर्ट यांनी १९३८ मध्ये हॅम्बुर्गला घटसर्पावर प्रबंध लिहिला. आई ज्यू वंशाची, म्हणून नाझी राजवटीत तोंडी परीक्षाच नाकारली गेली. त्या अमेरिकेला गेल्या, बालरोगतज्ज्ञ झाल्या, प्राध्यापक झाल्या. २०१५ मध्ये विद्यापीठाने ती राहिलेली परीक्षा घेतली. तेव्हा बाईंचं वय १०२! नजर अधू झालेली, म्हणून घटसर्पावरचं मधल्या ७७ वर्षांतलं संशोधन मित्रमंडळींनी शोधून त्यांना सांगितलं. व्हायव्हात परीक्षकांना थक्क करून त्यांनी डॉक्टरेट मिळवलीच.

आणि आनंदीबाई जोशी यांच्या प्रबंधाचा विषय ठाऊक आहे? १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी लिहिलं ते प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिविद्येवर. आपलं मूल दहा दिवसांचं असताना गमावलेली आई, वयाची एकविशीही पूर्ण न झालेली, परक्या भाषेत, नेमक्या त्याच विषयावर प्रबंध लिहिते. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आज शुक्र ग्रहावर एका विवराला आनंदीबाईंचं नाव आहे.

न्यूयॉर्कमधली मराठी जोडी

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांचा एक विद्यार्थी उभा राहून निबंध वाचतो: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. नाव, भीमराव आंबेडकर! जातीचा गाभा आहे जातीतल्या जातीत लग्न, आणि ही चौकट टिकवण्यासाठीच सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह आले, असं सूत्र या तरुणाने मांडलं. वर्षभरात, मे १९१७ मध्ये, निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. शंभर वर्षं उलटून गेली, तरी जातीवर बोलायचं तर या सेमिनार पेपरला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आता आतली गंमत. त्या निबंधात बाबासाहेब जातीच्या वेगवेगळ्या व्याख्या तपासतात, आणि त्यांत एक व्याख्या डॉ. केतकरांची आहे. कोण केतकर? आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश! तेही न्यूयॉर्क राज्यातल्याच कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी होते, आणि त्यांचं भारतातील जातींच्या इतिहासावरचं पुस्तक १९०९ मध्ये निघालं होतं. थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन मराठी विद्यार्थी सातासमुद्रापार एकाच प्रश्नाला भिडतात. पैकी एकाने पुढे २३ खंडांचा ज्ञानकोश उभा केला, दुसऱ्याने राज्यघटना.

बाबासाहेबांचा लंडनचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपात आला. प्रस्तावना त्यांचे गाइड एडविन कॅनन यांची, आणि त्यात गाइडसाहेबांनी आपले मतभेद नोंदवले आहेत! शिष्याने गुरूला न पटणारं लिहिलं आणि गुरूने ते कौतुकाने पुढे केलं. असा गाइड मिळायला भाग्य लागतं.

उलटा अनुभव इरावती कर्वे यांना आला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला कवट्या मोजत होत्या. गाइड ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण खास असते आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं गुपित आहे, हे इरावतीबाईंनी मोजून सिद्ध करावं, ही त्यांची अपेक्षा. बाईंनी मोजमापं घेतली आणि प्रबंधात लिहिलं, की कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध नाही. परका देश, परकी भाषा आणि डिग्री ज्यांच्या हातात त्यांच्याच सिद्धान्ताला नकार. ‘युगान्त’ लिहिणारी लेखणी अशी आधीच परजलेली होती.

तारे, तारे आणि तारांबळ

तारे कशाचे बनलेत? बहुतांशी हायड्रोजनचे, असं सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात शोधून काढलं. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल म्हणाले, अशक्य! म्हणून त्यांना प्रबंधातच लिहावं लागलं, की हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल स्वतःच त्याच निष्कर्षाला पोचले.

जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये पल्सार नावाचे तारे सापडले, पण प्रबंधाचा विषय आधीच ठरलेला. मग पल्सार कुठे गेले? परिशिष्टात! १९७४ चं नोबेल गाइडला मिळालं. २०१८ मध्ये मात्र बेल यांना ३० लाख डॉलरचं बक्षीस मिळालं, आणि ते सगळं त्यांनी पीएचडी करू पाहणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना देऊन टाकलं. वा, बाई!

लुई द ब्रॉय यांची पहिली पदवी इतिहासाची होती, माहीत आहे का? पुढे १९२४ मध्ये ‘इलेक्ट्रॉनही लाटेसारखा वागतो’ असा भौतिकीचा प्रबंध त्यांनी दिला आणि परीक्षक चक्रावले. एक प्रत आइन्स्टाइनकडे गेली, तिथून शाबासकी आली. १९२९ मध्ये नोबेल.

आणि क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे? १९७० मध्ये सूर्यमालेतल्या धुळीवर पीएचडी सुरू केली, गाणी गाजली, प्रबंधावरच धूळ बसली! २००७ मध्ये ती झटकून त्याने पीएचडी पूर्ण केली. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, हे बोनस.

कथालेखक कर्ट व्होनेगट यांचा कथांच्या आकृत्यांवरचा प्रबंध शिकागो विद्यापीठाने नाकारला होता. १९७१ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ या कादंबरीवर त्यांना एम.ए. दिलं. टी. एस. एलियट यांनी प्रबंध १९१६ मध्ये पूर्ण केला, पण महायुद्धामुळे व्हायव्हासाठी अटलांटिक ओलांडून हार्वर्डला जाणं जमलं नाही. पीएचडी राहिली. नोबेल मात्र १९४८ मध्ये आलं.

तलवार, हातोडा आणि चुंबन

प्रबंध झाला, आता पार्टी! फिनलंडमध्ये डॉक्टरेटच्या सोहळ्यात टोपी मिळते आणि तलवारही. आदल्या दिवशी शॅम्पेन ओतत ओतत तिला धार लावतात. स्वीडनमध्ये प्रबंध खिळा ठोकून भिंतीवर टांगतात. खराखुरा हातोडा, खराखुरा खिळा. नेदरलँड्समध्ये व्हायव्हा सुरू असताना दंडधारी आत येतो आणि ‘वेळ संपली’ असं लॅटिनमध्ये पुकारतो. बस्स! वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल, परीक्षा संपली.

पण बाजी मारतं जर्मनीतलं ग्यॉटिंगन. तिथे चौकातल्या कारंज्यावर हंस सांभाळणाऱ्या मुलीचा पुतळा आहे, आणि नव्या डॉक्टरने वर चढून तिचं चुंबन घ्यायचं, फूल द्यायचं, अशी रीत. १९२६ मध्ये शहराने त्यावर बंदी घातली. एक विद्यार्थी थेट कोर्टात गेला आणि खटला हरला. चुंबनं मात्र थांबली नाहीत! आजही व्हायव्हा संपली, की मित्रमंडळी नव्या डॉक्टरांना सजवलेल्या हातगाडीत बसवून, गल्लीबोळांतून आरडाओरडा करत तिथे घेऊन येतात.